ताई, निरोप राहिला होता

प्रिय ताई,

जूनमध्ये तुमच्या घरातले खोके खाली येत होते, तेव्हा मी सोईच्या, म्हणजे इथल्या गल्लीच्या, तोंडाशी उभी राहून टेम्पोवाल्याला गाडी कुठे लावायची ते दाखवत होते. वर येऊन दोन शब्द नीट बोलायचे होते. जमलं नाही. तुम्ही "पोचल्यावर मेसेज करते" म्हणालात आणि टॅक्सी सुवर्णभूमी विमानतळाकडे निघालीसुद्धा. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर, कारण मुलांना घेऊन बँकॉकला येणारं एखादं मराठी घर आत्ता कुठेतरी बॅगा भरत असेलच.

शाळेनं 'बडी फॅमिली', म्हणजे नव्यांना सांभाळून घेणारं जुनं कुटुंब, म्हणून तुमचा नंबर दिला, तेव्हा मला वाटलं होतं, आता अजून एक लांबलचक यादी येणार. तशा तीन आधीच आल्या होत्या. गणवेश कुठे, डॉक्टर कोण, पोहे कुठल्या दुकानात. एकही मी शेवटपर्यंत वाचली नव्हती. तुमचा मेसेज एका ओळीचा होता: "डब्यात शेंगदाणे देऊ नकोस."

मी नाही दिले शेंगदाणे. मी साबुदाण्याची खिचडी दिली.

अकरा वाजता शाळेच्या नर्सचा फोन. तिला साबुदाणा माहीत होता, पण त्यातलं भरड तपकिरी काय आहे ते विचारत होती. वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची जबरदस्त ॲलर्जी, आणि शाळेत नियम 'नट-फ्री'. ह्यांनी घरी वाद घातला की शेंगदाणा ही शेंग आहे, नट नव्हे. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं खरंच आहे ते, पण ॲलर्जी झालेल्या पोराला त्याचा काय उपयोग? मी रडवेली होऊन तुम्हाला फोन केला, तर तुम्ही आधी पोटभर हसलात. "अगं, कूट म्हणजे शेंगदाणेच की!" मग संध्याकाळी ओल्या खोबऱ्यातली खिचडी घेऊन स्वतः आलात. चवीला ती बरी नव्हती, हे आज सांगून टाकते.

खरं अवघड पुढेच होतं. लेक मराठी माध्यमातून आलेली, सात वर्षांची. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, वर्गात ती एक शब्द बोलेना. आम्ही घाबरून घरातही इंग्रजी सुरू केलं. 'ईट युअर भात' छापाचं. तुम्ही एकदा जेवायला आलात, ते ऐकलंत आणि ताटावरूनच मला म्हणालात, "हे आजच्या आज बंद कर. तिला इंग्रजी शिकवायला तिथे शिक्षिका आहेत. मराठीत गप्पा मारायला तिच्याकडे तुम्ही दोघंच आहात." मग शांतपणे समजावलंत की नवी भाषा कानावर पडायला लागली की पुष्कळ मुलं आधी काही महिने नुसती ऐकतात, अभ्यासक त्याला 'सायलेंट पीरियड' म्हणतात, आणि घरची भाषा पक्की असेल तर दुसरी तिच्याच आधारानं उभी राहते. आठवड्यानं शाळेतल्या ईएएलच्या, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या, बाईंनीही हेच सांगितलं. पण तुम्ही सांगितलंत ते पटलं, कारण तुमचा मुलगा समोर बसून शुद्ध मराठीत लोणचं मागत होता.

तिचं पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य डिसेंबरात निघालं, शाळेच्या व्हॅनमध्ये. खिडकीजवळच्या जागेवरून. 'ही माझी जागा आहे, ऊठ.' व्हॅनमधल्या मावशींनी तक्रार केली. मी शरमेनं तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "भांडली? मग झालं काम!"

शाळेत पाठ्यपुस्तक नाही, नंबर नाहीत, वहीत लाल शाई नाही, यावरही मी तुमचं डोकं खाल्लं. शाळेतला हा अभ्यासक्रम, पीवायपी (प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम), म्हणजे काय हे तुम्ही मला भाजी निवडता निवडता सांगितलंत: तो चालवणारी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली, लहान मुलांसाठीचा हा कार्यक्रम १९९७ मध्ये आला, आणि त्यात विषयांच्या भिंती पाडून सहा मोठ्या सूत्रांभोवती शिकवतात. पाण्यावरचं युनिट चालू होतं, तेव्हा लेक रोज संध्याकाळी कालव्यातल्या बोटी मोजायची. पाढे मात्र घरी म्हणून घ्या, हेही तुम्हीच हळूच सांगितलंत. ते चालूच आहेत.

परदेशी माणसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा असतो, त्याचा तुमच्या अक्षरातला कागद फ्रिजवर अजून आहे. "९० दिवसांचा रिपोर्ट: मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. चुकलात तर दंड २,००० बाट." खाली कोपऱ्यात "थाई साल = आपलं + ५४३", कारण २०१७ साली जन्मलेली माझी लेक एका कागदावर २५६० सालची निघाली आणि मी ती चूक समजून खोडायला गेले होते. पहिला रिपोर्ट भरायला इमिग्रेशनच्या ऑफिसात तुम्ही माझ्यासोबत आलात, पण खिडकीपाशी मलाच पुढे ढकललंत आणि मागच्या खुर्चीवर बसून राहिलात. तेव्हा राग आला होता. जानेवारीत हवेतली धूळ वाढली की मुलांना मधल्या सुट्टीत आतच बसवतात, हे तर तुम्ही मला थेट जानेवारीतच सांगितलंत. ज्याची वेळ आली तेवढंच. पहिल्या आठवड्यात हे सगळं ऐकलं असतं, तर मी परतीचं तिकीट काढलं असतं.

आणि गेल्या वर्षीचा जून. लेकीची जिवाभावाची मैत्रीण सोलला चालली होती. मी म्हणत होते, जाऊ दे गं, ऑगस्टमध्ये नवीन मिळेल. तुम्ही मला स्वयंपाकघरात ओढून नेलंत. या शाळांत दर जूनला कुणी ना कुणी जातंच, म्हणून निरोप नीट घ्यायला शिकवायचं, म्हणालात. भांडण राहिलं असेल तर मिटवायचं, काय आवडलं ते तोंडावर सांगायचं, मग हात हलवायचा. अशा मुलांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हणतात, आणि हा शब्द रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंना १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना सुचला, हेही तेव्हाच कळलं. दोघी पोरींनी त्या दिवशी व्हॅनमधल्या जागेचं जुनं भांडण रीतसर मिटवलं. हो, तीच ती मुलगी.

हे सगळं मला शिकवून तुमच्या वेळी मी खाली टेम्पोपाशी उभी राहिले. तर आता: इमिग्रेशनच्या खिडकीपाशी मला एकटीला उभं केलंत, त्याचा राग गेलाय. ताटावरून बोललात ते फार आवडलं होतं. तुमची कढई माझ्याकडेच आहे, ती मी परत देणार नाही.

शाळेनं यंदा मला बडी केलंय. पुण्याचं कुटुंब आहे, मुलगा सहा वर्षांचा. त्या आईला मी काल मेसेज केला. एकच ओळ, फक्त तुमच्यापेक्षा तीन शब्द जास्त: "डब्यात शेंगदाणे देऊ नकोस, म्हणजे कूटसुद्धा नको."

तुमचीच,
तिसऱ्या मजल्यावरची