बाबांच्या उजव्या डोळ्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, एकाचे दोन दिसतात म्हणून फोनवर तुम्ही पुन्हा चष्म्याचा नंबर बदलायचं काढलंत, म्हणून सविस्तर लिहिते. चष्म्याने यात काही होणार नाही. कुठलाही एक डोळा झाकला की दोनाचं एक दिसतं ना? म्हणजे नजर चांगली आहे, दोन डोळ्यांचा मेळ तेवढा बसत नाही. बिघाड आहे तो ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, अगदी तिळाएवढ्या जागेत.

डावीकडे बघायचं तर डाव्या डोळ्याने कानाकडे आणि उजव्याने नाकाकडे एकाच क्षणी वळायला हवं. दोघांचे स्नायू वेगळे, नसा वेगळ्या, पण हुकूम एकाच ठिकाणाहून सुटतो: ब्रेनस्टेमच्या पॉन्स म्हणतात त्या भागात, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी डाव्या बाजूच्या सहाव्या नसेच्या केंद्रातून. तिथून नस थेट डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूकडे जाते. दुसरे तंतू लगेच मधली रेघ ओलांडून उजवीकडे येतात आणि वर चढून तिसऱ्या नसेच्या केंद्राला कळवतात, की उजवा डोळा आत ओढ. या चढत्या तंतूंच्या जुडीला एमएलएफ म्हणतात. एमआरआयमध्ये दिसलेला बारीक इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून झालेला डाग, नेमका उजवीकडच्या जुडीवर आहे. म्हणून डावीकडे बघताना उजवा डोळा मध्येच थांबतो, डावा कोपऱ्यात जाऊन हिसके देतो. उजवीकडे बघताना काहीच त्रास होत नाही, तो याचमुळे. आधीचा सीटी नॉर्मल आला होता, पण एवढा लहान डाग तिथल्या जाड हाडांमुळे सीटीत बहुतेकदा दिसतच नाही.

आई, तू विचारलंस की पेपर तर ते नीट वाचतात, मग हे कसं? जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि तो हुकूम वेगळ्या वाटेने येतो. डॉक्टरांनी बोट नाकाजवळ आणलं तेव्हा डावीकडे अडणारा तोच उजवा डोळा सरळ आत आला. स्नायू आणि त्याची नस शाबूत असल्याचं तिथेच कळलं. मला सगळ्यात जास्त धीर त्या तपासणीने आला.

तरुणांमध्ये हे बहुतेकदा मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे, म्हणजे मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करणाऱ्या आजारामुळे होतं. बाबांच्या वयात कारण असतं बीपी आणि शुगरने खराब झालेल्या बारीक रक्तवाहिन्या. पुष्कळांचा डोळा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुधारतो. पण गोळ्या चुकवल्यात तर पुढचा झटका याहून मोठी जागा गाठू शकतो, आणि श्वास, गिळणं, तोल सगळं त्याच चिंचोळ्या भागातून चालतं. बाबा, मला खरी भीती त्याची वाटते.

तोवर स्कूटर बंद, जिना उतरताना कठड्याला हात. फार त्रास झाला तर पट्टी लावा, पण आलटून पालटून दोन्ही डोळ्यांवर. आई, बोलणं जड झालं, ठसका लागू लागला, तोल गेला किंवा हातपाय लुळा वाटला तर मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, आधी 108 लाव.

पुढच्या तपासणीला मी येतेय. बीपीची वही भरून ठेवा.

तुमची,
मनू