पोस्टातल्या ताईंना

ताई, तुमचं नाव इथं लिहीत नाही, पण आपल्या गावातल्या लोकांना कळेलच.

तान्ह्या पोळ्याला लेकानं लाकडी नंदी घरोघरी फिरवून बोजारा जमवला. दरवर्षी हे पैसे चार दिवसांत कुरकुऱ्यात जायचे. यंदा त्याला दहा पूर्ण झाले, पोस्टात आता स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून आधी निंदणाची मजुरी पाडून तालुक्याच्या एका बँकेत गेलो. "एवढी चिल्लर कोण मोजत बसणार? नोटा करून आणा," एवढंच ऐकायला मिळालं, तेही मान वर न करता. एसटीत लेकरू म्हणालं, "आई, आपले पैसे खोटे आहेत का व?" ते अजून मनातून जात नाही.

तुम्ही मात्र त्यालाच विचारलं, "बोला दादा, किती आहेत?" तो म्हणाला, ६३८. तुम्ही टेबल मोकळं करून दिलं, दहा-दहाच्या चळती त्यालाच लावायला सांगितल्या. भरले ६३७. त्याचा चेहरा उतरला. मीच म्हटलं, राहू द्या मॅडम, एका रुपयानं काय होते. तुम्ही ऐकलं नाही. मोबाईलचा टॉर्च लावून फरशीवर गुडघे टेकले, कपाटाखालून पट्टीनं तो रुपया ओढून काढला, पदरानं पुसला अन् त्याच्या हातात दिला. "ठेवा चळतीवर."

ताई, मी वर्षभर "पैसे जपून वापर" म्हणत होते. ते त्याला त्या एका रुपयात समजलं. समोर लहान आहे की गरीब, हे पाहून ज्यांचा आवाज बदलत नाही, अशी माणसं खुर्चीवर बसली की आमच्यासारख्यांना दारातून आत यायची भीती वाटत नाही.

दिवाळीच्या बाजारात लाईटच्या घड्याळापाशी तो बराच वेळ उभा राहिला. शंभर रुपये सांगितले. "पुढच्या बाजारी पाहू," म्हणाला अन् पुढच्या बाजारी तिकडे गेलाच नाही. कंपासपेटी मात्र हवी आहे. खात्यात ५०० ठेवावेच लागतात, हे तुम्ही सांगितलेलं त्याला पाठ आहे, त्यामुळे १३८ मधलेच काढायचे म्हणतो.

सोमवारी शाळा सुटल्यावर येतो आहे. फॉर्म तोच भरणार आहे. अक्षर वाकडं आहे, तेवढं सांभाळून घ्या.