घरच्या जुन्या संगणकाची किल्ली घरच्यांच्याच हाती राहावी म्हणून: मदतीचं आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी मागच्या खोलीत एक लांब टेबल मांडलेलं असतं. लोक घरचे जुने संगणक तिथे आणतात आणि आमचा संगणक मदत गट ते उघडून बघतो. तक्रारी ठरलेल्या असतात. फार हळू चालतो. न विचारता काहीतरी उघडतं. नवीन काही टाकायला गेलं की पासवर्ड मागतो, आणि तो पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही.

अशा वेळी आम्ही सगळ्यात आधी खात्यांची यादी उघडतो. बहुतेक घरांत तिथे एकच खातं असतं. त्याला पासवर्ड नसतो आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं. शाळकरी मूल खेळ उतरवतं ते याच खात्यातून, वडील बँकेचं काम करतात ते याच खात्यातून आणि आजी फोटो बघते तेही याच खात्यातून. म्हणजे त्या संगणकात काहीही बसवण्याचा, काहीही पुसण्याचा पूर्ण अधिकार घरातल्या प्रत्येकाला आहे. त्या प्रत्येकाने चुकून उघडलेल्या फाइललाही तोच अधिकार मिळतो.

यात घरच्यांचा दोष नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आली. ती बसवताना जी खाती तयार व्हायची, ती सगळीच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असायची आणि त्यांना पासवर्ड नसायचा. एक्सपीच्या होम आवृत्तीत तर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाचं आणखी एक खातं दडलेलं असायचं. ते फक्त सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करतात तेव्हा, दिसायचं आणि कुणी मुद्दाम पासवर्ड दिला नसेल तर सताड उघडं असायचं. त्याआधीच्या विंडोज ९८ मध्ये पासवर्डाची चौकट एस्केपचं बटण दाबून बाजूला सारता यायची. एका पिढीने संगणक हाताळायला शिकलं ते असं. पुढे २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टाने काही बसवण्याआधी स्क्रीन काळवंडून परवानगी विचारायला सुरुवात केली. लोकांना तो जाच वाटला आणि अनेकांनी ते विचारणंच बंद करून टाकलं.

तो प्रश्न खरोखर काय काम करतो हे समजलं की बाकीचं पुष्कळसं समजतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून काही बसवायला घेतलं तर विंडोज फक्त 'हो' की 'नाही' एवढंच विचारते. साध्या म्हणजे स्टँडर्ड खात्यातून तेच केलं तर ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. फरक लहान दिसतो. पण 'हो' वरचा क्लिक सवयीने होऊन जातो, आणि पासवर्ड टाइप करायला माणूस थांबतो, आठवतो, घरात कुणाला तरी हाक मारतो. तेवढ्या थांबण्यात अनेक घरांतल्या संगणकांचं रक्षण झालेलं आम्ही पाहिलं आहे.

म्हणून आमचं मुख्य काम साधं आहे. घरात एक वेगळं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं तयार करायचं, त्याला नीट पासवर्ड द्यायचा आणि रोजच्या वापराची सगळी खाती स्टँडर्ड करायची. एक्सपीसारख्या विंडोजमध्ये यालाच 'लिमिटेड' म्हणत. हा शब्द एका आजोबांना फार लागला होता. "माझ्याच घरात मी मर्यादित?" असं त्यांनी विचारलं आणि आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. नंतर आम्ही त्यांना सांगितलं की घराची तिजोरी आपलीच असते, तरी तिची किल्ली आपण दिवसभर दाराच्या कुलपात लटकवून ठेवत नाही. त्यांनी पासवर्ड स्वतः ठरवला, स्वतः वहीत लिहिला आणि वही कपाटात ठेवली. तेव्हापासून 'मर्यादित' हा शब्द आम्ही टेबलावर वापरत नाही, 'रोजचं खातं' म्हणतो.

कामातला क्रम महत्त्वाचा असतो. आधी नवं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं, मग त्याचा पासवर्ड, मग बाहेर पडून त्याच खात्यातून पुन्हा आत जाऊन तो खरंच चालतो ना याची खात्री. एवढं झाल्यावरच जुन्या खात्याचे अधिकार कमी करायचे. पासवर्ड विसरल्यावर आठवण करून देणारं जे 'हिंट' असतं, ते पडद्यासमोर बसलेल्या कुणालाही दिसतं. त्यामुळे तिथे पासवर्डच लिहून ठेवायचा नाही. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण खरोखर पुष्कळ ठिकाणी तो तिथेच लिहिलेला सापडतो.

एक चूक आमच्याकडूनही झाली आणि ती सांगायला हवी. एक निवृत्त शिक्षिका विंडोज ७ चा संगणक घेऊन आल्या होत्या. बरीच वर्षं त्या एका जुन्या टायपिंगच्या प्रोग्रामवर मराठीत लिहीत होत्या आणि त्या प्रोग्रामच्या शब्दकोशात त्यांनी स्वतःचे शब्द जमवले होते. आम्ही त्यांच्यासाठी नवं स्टँडर्ड खातं उघडून दिलं आणि काम झालं असं समजलो. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. प्रोग्राम चालत होता, पण त्यांचे सगळे शब्द गेले होते. त्यांचा चेहरा आम्हाला अजून आठवतो.

शब्द गेले नव्हते. जुने प्रोग्राम आपली नोंद प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्येच लिहू पाहतात. व्हिस्टापासून पुढच्या विंडोज त्यांना तिथे सरळ लिहू देत नाहीत. त्यांना अडवण्याऐवजी त्या ते लिखाण गुपचूप त्या-त्या खात्याच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये वळवतात. त्याचं नाव व्हर्च्युअल स्टोअर. बाईंचा सगळा शब्दसंग्रह जुन्या खात्याच्या व्हर्च्युअल स्टोअरमध्ये सुखरूप होता, नव्या खात्याला तो दिसत नव्हता एवढंच. तो सापडायला आम्हाला पूर्ण एक सकाळ लागली. त्यानंतर आम्ही नियमच केला: माणसाचं जुनं खातं त्याच्याकडेच राहू द्यायचं आणि त्याचेच अधिकार कमी करायचे. नवं उघडायचं ते फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. त्यामुळे डेस्कटॉप, फोटो, जमवलेले शब्द, ब्राउझरमधल्या खुणा, सगळं जागच्या जागी राहतं.

काही जुने प्रोग्राम मात्र हटून बसतात आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसेल तर सुरूच होत नाहीत. अशा वेळी अनेक दुरुस्तीवाले सरळ सगळ्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून देतात. एका प्रोग्रामच्या हट्टापायी सगळं घर उघडं टाकण्याची गरज नसते. बऱ्याचदा त्या प्रोग्रामच्या एका फोल्डरवर लिहिण्याची परवानगी दिली की तो मुकाट चालतो. एक्सपी होममध्ये ही परवानगी द्यायची पाटी सेफ मोडमध्येच उघडते, शिवाय डिस्कवर फाइल्स ठेवण्याची पद्धत जुनी, फॅट३२ नावाची असेल तर परवानग्या ठेवायला जागाच नसते, आधी ती एनटीएफएस या नव्या पद्धतीत बदलावी लागते. हे किचकट काम आहे. त्याला वेळ लागतो, शांतपणा लागतो, आणि म्हणूनच आम्हाला माणसं हवी आहेत.

आणखी एका गोष्टीबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं. कित्येक घरांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड असतो, पण तो संगणक दुरुस्त करून गेलेल्या माणसाकडे. घरच्यांना तो सांगितलेलाच नसतो. एखादा प्रिंटर जोडायचा तरी त्याला बोलवायचं. तो फोन उचलत नसेल तर फॉरमॅट मारायचा आणि सगळं गमवायचं. आमच्या गटातल्या एकाच्या घरी नेमकं हेच झालं होतं. त्यात आईच्या आवाजाचं जुनं रेकॉर्डिंग गेलं, ते परत मिळालं नाही. आमचा गट सुरू होण्यामागे ते एक कारण आहे. आमच्या टेबलावर पासवर्ड नेहमी घरचाच माणूस टाइप करतो, आम्ही तेव्हा पाठ फिरवतो आणि तो आमच्या वहीत कधीही लिहीत नाही.

साध्या खात्याने सगळं भागतं असं आम्ही कुणाला सांगत नाही. काही प्रोग्राम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच बसतात, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. खंडणी मागणारा विषाणू रोजच्या खात्यात शिरला तर त्या खात्यातले फोटो आणि कागदपत्रं तो कुलूपबंद करू शकतोच. आणि मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखा विषाणू थेट नेटवर्कमधून येतो, तिथे खात्याचा प्रकार आडवा येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे सुधारणा, म्हणजे अपडेट, मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो बसवला होता ते वाचले. त्यामुळे खाती, अपडेट आणि वेगळ्या डिस्कवरची प्रत, ही तिन्ही कामं आम्ही एकाच बैठकीत करतो.

अपडेटच्या बाबतीत जुन्या संगणकांची अडचण मोठी आहे. एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नेहमीचे अपडेट मिळणं, ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची, संगणकातच बसवलेली सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट संगणकही तिथे अडतात. अशा ठिकाणी घरच्यांची तयारी असेल तर आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून देतो. तिथे ही शिस्त मुळातच असते: रोजचं काम साध्या अधिकारात चालतं आणि काही बसवायचं असेल तेव्हाच पासवर्ड मागितला जातो. फार जुन्या ३२ बिटच्या यंत्रांवर डेबियन १२ हा लिनक्सचा एक प्रकार अजून चालतो, त्याच्या पुढच्या आवृत्तीने मात्र अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आहे. ज्यांना जुन्या विंडोजवरच राहायचं आहे त्यांच्यावर आम्ही जबरदस्ती करत नाही. इंटरनेटची तार काढून ठेवा आणि ते यंत्र लिहिण्यापुरतं वापरा, एवढं सांगतो.

आता मागणं.

पहिलं मागणं वेळेचं आहे. महिन्यातल्या एका रविवारचे दोन तास मिळाले तरी पुरे. त्यासाठी संगणकाचं शिक्षण झालेलं असण्याची अट नाही. प्रत्येक यंत्रापाशी आम्हाला दोघं लागतात: एक हाताळणारा आणि दुसरा घरच्यांशी बोलून लिहून घेणारा. हे यंत्र घरात कोण वापरतं, कशासाठी वापरतं, कुठला प्रोग्राम बंद पडला तर कुणाचं काम अडेल, हे नीट विचारून लिहून घेणारा माणूस आमच्याकडे कमी आहे. ज्यांना ऐकून घेता येतं त्यांनी जरूर यावं. ज्यांना परवानग्यांचं आणि जुन्या विंडोजचं बारीक ज्ञान आहे त्यांची तर फारच गरज आहे, कारण ते जाणणारे आम्ही सध्या मोजकेच आहोत.

दुसरं मागणं वस्तूंचं. चालू स्थितीतल्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क, आठ जीबी किंवा त्याहून मोठे पेन ड्राइव्ह, साटा जोडणीचे एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क), डीडीआर२ आणि डीडीआर३ रॅमच्या पट्ट्या. नवा संगणक घेताना काढून ठेवलेली अशी पट्टी तुमच्या खणात पडून असेल तर आमच्याकडे ती एखादं यंत्र पुन्हा उभं करते. जुन्या प्रिंटरच्या, स्कॅनरच्या, टायपिंगच्या प्रोग्रामच्या मूळ सीडी टाकून देऊ नका, त्या आम्हाला द्या. चोरीच्या प्रती मात्र आणू नका. त्या चालवण्यासाठी जे 'क्रॅक' मिळतात ते आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात आणि मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागतात. आम्ही जे दार लावायला बसलो आहोत तेच ते उघडायला सांगतात.

वापरातून काढलेले संगणकही हवे आहेत, नव्या स्वयंसेवकांना सराव करायला. लोकांच्या यंत्रावर शिकू नये असं आमचं ठाम मत आहे. देण्याआधी घाबरून त्याची डिस्क फोडू नका. साधा फॉरमॅट मारल्याने जुना मजकूर खरा पुसला जातोच असं नाही, तेव्हा आम्ही तो तुमच्यासमोर पूर्णपणे पुसून घेतो. त्याला बराच वेळ लागतो, तेवढं थांबायची तयारी ठेवा.

रोख देणगी द्यायची असेल तर ती वाचनालयाच्या कार्यालयात पावती घेऊनच द्यावी. तिच्यातून फक्त डिस्क, रॅम आणि एसएसडी घेतले जातील. काय घेतलं आणि ते कुठल्या कामी आलं याची यादी दर महिन्याला फलकावर लागेल. त्यात यंत्र कुणाचं आहे ते लिहिलेलं नसेल.

ज्यांना स्वतःचा संगणक तपासून घ्यायचा आहे त्यांनी संगणकासोबत त्याची विजेची तार, लॅपटॉप असेल तर चार्जर, आणि असतील त्या सगळ्या सीडी आणाव्यात. घरात दोघं-तिघं तो वापरत असतील तर शक्यतो सगळेच या, कारण पासवर्ड कुणाकडे राहावा हे तुम्हीच आपसांत ठरवायचं आहे. पासवर्ड विसरला असेल तरी या. फक्त घरी प्रयोग करून आधीच तो काढून टाकू नका. दुसऱ्या खात्यातून पासवर्ड बदलला तर विंडोजने कूटबद्ध केलेल्या फाइल्स कायमच्या बंद होऊ शकतात. यंत्र जसं आहे तसं आणा.

टेबल रविवारी वाचनालय उघडल्यापासून दुपारी ते बंद होईपर्यंत असतं. स्वयंसेवक म्हणून यायचं असेल तर अर्धा तास आधी या, म्हणजे यंत्रं येण्यापूर्वी आपल्याला एकत्र बसता येईल.

आपले,
संगणक मदत गटातले सर्वजण