मृत्यूच्या नोंदीत पाण्याचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात जुलाब, कावीळ, टायफॉईड वाढले की वॉर्डवार आकड्यांची चर्चा सुरू होते. ज्या अर्जावरून मृत्यूची नोंद होते त्यात मृत व्यक्ती तंबाखू किती वर्षे खात होती, सुपारी, दारू किती वर्षे, हे सगळे विचारलेले असते. घरात पिण्याचे पाणी कुठून येत होते, हे मात्र विचारलेले नसते. तो रकाना असावा, यासाठी हे पत्र.

१८५४ च्या कॉलऱ्यात लंडनने नेमके हेच केले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या, साथ पसरवणाऱ्या सार्वजनिक पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तोवर तिथली साथ ओसरत आली होती. खरा भक्कम पुरावा मिळाला तो टेम्सच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून जात. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसीला, शहराची गटारे मिळालेल्या नदीतून पाणी उपसत असे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा वरच्या अंगाला टेम्स डिटनला हलवला होता. शेजारी-शेजारी दारे, हवा तीच, गरिबी तीच, फरक फक्त पाण्याचा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ माणसे गेली, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

अनेक भाडेकरूंना आपले पाणी कुठल्या कंपनीचे हेच माहीत नसे. या साथीचा माग काढणारे डॉक्टर जॉन स्नो यांनी त्यावर सोपा उपाय काढला: नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून मीठ पाहायचे. साउथवर्क कंपनीच्या पाण्यात गॅलनमागे सुमारे ३८ ग्रेन (वजनाचे जुने छोटे माप) मीठ, लॅम्बेथच्या पाण्यात एक ग्रेनही नाही. पुढे जन्म-मृत्यू निबंधक कार्यालयातील विल्यम फार यांनी दक्षिणेकडच्या निबंधकांनाच सांगितले की कॉलऱ्याचा मृत्यू नोंदवताना घराचा पाणीपुरवठाही लिहा.

रकाना आला म्हणजे काम झाले असे नाही. आपल्याकडे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू घडला तिथे होते. सयाजीराव रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. ते दगावले तर नोंद वडोदऱ्यात. साउथवर्कमध्ये गाय्ज आणि सेंट थॉमस ही दोन मोठी रुग्णालये जवळजवळ होती तेव्हा तिथल्या मृत्युदराचे हेच होत असे. म्हणून वॉर्डचा आकडा काढण्याआधी प्रत्येक मृत्यू राहत्या पत्त्यावर परत न्यावा लागतो. तारखेचेही तसेच. नोंदीला २१ दिवसांची मुदत आहे आणि कॉलरा लागण झाल्यावर काही तासांपासून पाच दिवसांत उठतो, तेव्हा आलेख आजार सुरू झाल्याच्या दिवसावर काढावा. शिवाय कारणाच्या जागी ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहिलेले असले तर तो दाखला या कामाला निरुपयोगी. हृदय सगळ्यांचेच बंद पडते. ते कशामुळे, हे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यातील पहिल्या भागाच्या सर्वांत खालच्या ओळीत यायला हवे.

आणि कृपया ‘मृत्यूचे सरासरी वय’ वापरू नये. इंग्लंडमधील स्वच्छता-सुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात लिव्हरपूलच्या मजुरांचे ते १५ आहे. त्यावरून मजूर पंधराव्या वर्षी मरत असे अजूनही लिहिले जाते. मरणाऱ्यांत तान्ही मुले फार असली की सरासरी खाली येते, एवढाच त्याचा अर्थ. दर हजारी मृत्यू, आणि तेही वयोगटानुसार, हेच माप घ्यावे.

वडोदऱ्याला ही पद्धत विशेष लागू पडते, कारण आपलेही पाणी एका जागचे नाही. १८९२ पासून सयाजीराव महाराजांनी आणलेले आजवा तलावाचे पाणी निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्राहून येते, दुसरे मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेल्सचे (आडव्या नळ्यांनी पाणी ओढणाऱ्या विहिरींचे). त्यात बोअर आणि टँकर. नळ ठरावीक वेळच चालतो. तो बंद असताना वाहिनीतला दाब जातो, आणि शेजारून गटार जात असेल तर सांध्यातून घाण आत ओढली जाते. त्यामुळे टाकीवरचा नमुना शुद्ध निघतो आणि पोळीच्या (जुन्या शहरातल्या गल्लीच्या) शेवटच्या घरी जुलाब लागतात. नमुना त्या शेवटच्या नळावरच, पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत घ्यावा, ओ.टी. टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडिन टाकून रंगावरून क्लोरिन पाहण्याच्या चाचणीत) क्लोरिन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली दिसला तर त्याच दिवशी ती वाहिनी तपासावी.

अर्जाचा नमुना बदलायला वेळ लागेल. तोवर पालिकेच्या आरोग्य खात्याने जुलाब, कावीळ आणि टायफॉईडच्या प्रत्येक मृत्यूच्या नोंदीला एक चिठ्ठी जोडावी: आजवा, मही, बोअर की टँकर, कुठल्या टाकीवरून, आणि आजार कोणत्या तारखेला सुरू झाला.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा