दोनशे बैठका

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय दिल्या,

दहा तारखेला तुझा फोन आला तेव्हा ‘शेतात आहे’ म्हणालो, ते साफ खोटं होतं. मी यवतमाळला दवाखान्यात खाटेवर होतो, हाताला सलाईन.

भाऊबीजेला तू चारचौघांत माझ्या पोटावर थाप मारून ‘कितवा महिना?’ विचारलंस ना, तिथून हे सुरू झालं. तू पुण्याची गाडी धरलीस आणि मी दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला दिग्रस रोडवर हजर. गावातली पोरं तिथं पोलीस भरतीची तयारी करतात. धावण्यात दोन खांबांपुढे माझा जीव गेला नाही. पण मग मारुतीच्या पारापुढे बैठका सुरू झाल्या, आणि बैठका म्हणजे आपला प्रांत. दहावीत आपण दीडशे सहज मारायचो, तोच आकडा डोक्यात. एक पोरगं म्हणालं, “काका, पन्नासच मारा, जास्त नोका मारू.” त्या ‘काका’नंच घात केला. दोनशे मारल्या. वरून दिवसभर कापसाची वेचणी, आणि पाणी म्हणशील तर दोन तांबे.

दुसऱ्या दिवशी संडासात बसलो तो उठताच येईना. मांड्या लाकडासारख्या. शेवटी नळाच्या पाइपाला लोंबकळून उभा राहिलो, तर बाहेरून घरची विचारते, “झोपले का तठीच?” दुखणं व्यायामानंच जिरतं असं ऐकलेलं, म्हणून त्या संध्याकाळी आणखी शंभर मारल्या. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून दिवसाला तीन-तीन घेतल्या.

चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. मला वाटलं उष्णता. धने-जिऱ्याचं पाणी पीत बसलो आणि कोणाला बोललो नाही. दोनशे बैठकांनी आजारी पडलो हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पायजमा मांडीवर चढेना, तेव्हा घरचीनं ओळखलं. मोटारसायकलवर टांग टाकता येईना, म्हणून जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून दारव्हा गाठलं.

डॉक्टरांनी रंग ऐकल्याबरोबर विचारलं, “नवीन काय केलं?” मग समजावलं. सवय नसलेल्या मांड्यांवर एकदम ताण आला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला लाल पदार्थ रक्तातून किडनीत उतरतो आणि तिथं अडकतो. अंगात पाणी कमी असलं की आणखी वाईट. गोळ्यांचं ऐकून तर ते भडकलेच, किडनीवर त्यांचाही भार पडतो म्हणे. फुटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारा सीपीके म्हणून एक घटक मोजतात, तो साधारण दोनशेच्या आसपास असावा, माझा चाळीस हजारांवर. तसंच यवतमाळला पाठवलं. चार दिवस सलाईन, आणि लघवी मापाच्या भांड्यात. लाज तिथंच सोडून आलो बघ. किडनी वाचली, वेळेत आलात म्हणाले. वेळेत मी नव्हतो आलो, हिनं आणलं.

आता तू जिम लावणार म्हणतोस म्हणून लिहितो. नव्या व्यायामानं अंग दुखतंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, मग आपोआप उतरतं. त्याला घाबरू नको. पण लघवीचा रंग बदलला किंवा पाय सुजून दगड झाले, तर धने-जिरं करत बसू नको, त्याच दिवशी दवाखाना. आणि पहिल्या दिवशी वीस बैठकांवर उठ. ट्रेनर पोरगं ‘अजून दहा’ म्हणेल, त्याचं मनावर घेऊ नको. तुला मी ओळखतो, तू घेशील.

मला सध्या नुसतं चालायची परवानगी आहे. पहाटे रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून पोरांची वेळ लावतो. काल एकाचं सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत आलं. आणखी दहा सेकंद तोडायचेत म्हणतो.

वहिनींना नमस्कार. यातलं त्यांना सगळं सांगू नको.

तुझा,
बंडू

ता. क. पोट होतं तेवढंच आहे.