घर बघायला माणसं येणार असतील तर

रत्नागिरी,
श्रावण वद्य

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

गावच्या घराची ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर दिवाळीनंतर लोकांना बघायला खुलं करायचं तू ठरवलंस, हे बरं झालं. पण गणपतीला येशील तेव्हा उत्साहाने माळ्यावरचं सामान खाली काढू नकोस. भाद्रपदात जमिनीला ओल असते. वर कोरड्यात राहिलेलं लाकूड आणि बांबूचं बुरूडकाम आठ दिवसांत बुरशी धरतं. दसरा होऊ दे, दोन आठवडे कोरडं ऊन पडू दे, मग हात घाल.

घरगुती संग्रहालयाचं सगळ्यात मोठं नुकसान पाऊस किंवा वाळवी करत नाही. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात चिंच, लिंबू आणि राख घेऊन बसलेली घरचीच माणसं ते करतात. पितळ-तांबं घासायचं नाही. प्रत्येक घासणीला धातूचा पातळ थर जातो आणि त्याबरोबर भांड्यावर घातलेलं नाव जातं. हंडे, घंगाळं, परात, तपेली यांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं हे आपल्या घरचं खरं दप्तर आहे. कुणाच्या लग्नात, कोणत्या मामाने, कोणत्या गावाहून, कोणत्या साली भांडं दिलं हे त्यावर असतं, आणि बायकांची माहेरची नावं बहुतेक ठिकाणी तेवढ्यावरच उरलेली असतात. खोलीत अंधार करून विजेरी भांड्याला जवळजवळ टेकवून एका बाजूने धर. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठतात. तसाच फोटो काढ. शके दिलं असेल तर 78 मिळव. पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर बहुधा 79. म्हणजे शके 1851 चा वैशाख हा 1929 चा.

साफ करायचं ते मऊ ब्रश आणि कोरड्या सुती फडक्याने. तेलकट चिकटा असेल तर पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि लगेच पुसून पूर्ण वाळवणं. तपकिरी किंवा गडद हिरवा एकसारखा रंग चढलेला असेल तर तो राहू दे, त्याखाली धातू सुरक्षित असतो. भीती आहे ती फिक्या हिरव्या भुकटीच्या ठिपक्यांची. काढली तरी पुन्हा येते ती. खाऱ्या हवेतलं मीठ आणि ओल मिळून ते काम करतात आणि धातू आतून खातात. असं भांडं वेगळं काढून झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेव. कल्हईच्या बाबतीत एवढंच, की मांडायच्या भांड्यांना नव्याने कल्हई करू नकोस. नवसागराचा अंश राहिला तर तोच पुढे धातू खातो, आणि जुन्या कल्हईवरचे पळीचे ओरखडे पुसले जातात ते वेगळंच. पाहुण्यांसाठी ज्या एका पातेल्यात आमटी करशील तेवढ्यालाच कल्हई हवी, नाहीतर आमटी कळकेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, की लोकांना वस्तू दाखवू नकोस, वस्तूने केलेलं काम दाखव. शंभर भांडी फडताळात ओळीने लावली की बघणारा तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतो. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पुन्हा एकदा नीट बघून ये. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला घेतल्या, 1962 मध्ये संग्रहालय उभं राहिलं, 1975 मध्ये त्यांनी ते राज्य शासनाला दिलं. अडकित्ते, अंग घासायच्या वज्र्या, दिवे, कुलपं अशा रोजच्या वस्तूंकडे त्यांनी कसं पाहिलं ते शिकण्यासारखं आहे, पण मांडणीची नक्कल करू नकोस. तेवढा पसारा घराला पेलत नाही. गोव्यात चांदोरचं मिनेझेस ब्रागांझा घर बघ. तिथे घरची माणसं राहतात आणि घर दाखवतातही. देणगी पेटीत पडते. वस्तू जिथली तिथे असली की पाटी किती कमी लागते ते तिथे कळतं. बाणावलीचं गोवा चित्र हे संग्रहालय शेतीच्या अवजारांसाठी बघ.

आपल्याकडे तीन गोष्टी चालत्या ठेव: जातं, मापं आणि चूल. बाकी सगळं बघण्यापुरतं.

जातं बरीच वर्षं फिरलेलं नाही, त्याला टाकी लावून घ्यावी लागेल, म्हणजे छिन्नीने टोचून दगड पुन्हा खरबरीत करून घ्यावा लागेल. पाथरवट मिळाला की वरच्या आणि खालच्या दोन्ही तळ्या टाकीने टोचून घे. वरच्या तळीच्या भोकातली लाकडी माकणी किडली असेल तर सुताराकडून नवी करून घे, पण जुनी फेकू नकोस, शेजारी मांड. टाकी लावल्यावर पहिलं पीठ खाण्याचं नसतं, त्यात दगडाची कच येते. हलक्या धान्याचे दोनेक किलो भरडून टाकून दे, मग तांदूळ दळून चिमूटभर दाताखाली धरून बघ. करकरलं तर आणखी एकदा. पाहुणे दळताना दोन चुका हमखास करतात. एकतर वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचं धान्य, जास्त घालतात, मग पीठ जाडं येतं आणि दात बुजतात. नाहीतर वैरण घालायची विसरून रिकामं फिरवतात, मग दगडावर दगड घासतो. म्हणून एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने मूठमूठ घालायचं, अशी जोडीच बसव. खुंटा हलत असेल तर सुकी चिंधी गुंडाळून ठोक. भिजवलेली वाळली की पुन्हा ढिला होतो.

दळताना ओवी हवी, पण यूट्यूबवरची लावू नकोस. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना अजून येतात त्या आपण नाही जमवल्या तर कोण जमवणार? फोनवर रेकॉर्ड कर. पंखा बंद ठेव, फोन हातभर अंतरावर पाटावर ठेव, आणि सुरुवातीला तिचं नाव, माहेर आणि वय तिलाच सांगू दे. ऐकवायची परवानगीही त्याच रेकॉर्डिंगमध्ये घे.

मापांचा खेळ मुलांना सगळ्यात आवडेल. दोन नेळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, सोळा पायल्या एक मण, वीस मण एक खंडी. मणापर्यंत सगळं दुपटीने चालतं, त्यामुळे न शिकलेल्या माणसालाही वाटणी बिनचूक करता यायची. एका पायलीत चौसष्ट नेळवी भरतात का ते मुलांना भरून बघू दे. भरणार नाहीत, आणि तिथेच खरी गंमत आहे. सपाट भरलं की शीग लावून भरलं, यात बराच फरक पडतो, आणि सावकाराची पायली आणि कुळाची पायली यातलं अंतर तिथून सुरू होतं. पाटीवर ‘एक पायली म्हणजे इतके लिटर’ असं पुस्तकातलं लिहू नकोस. माप गावागणिक बदलायचं. 1956 च्या कायद्यानंतर दशमान मापं टप्प्याटप्प्याने आली तेव्हा हा घोळ मिटला. आपली पायली मोजून आपला आकडा लिही. लाकडी मापात पाणी ओतू नकोस, फुगून चिरतं. मोहरी भर आणि ती मोहरी मोजपात्रात मोज.

लाकडावर भोकं दिसली की घाबरून औषध ओतू नकोस. आधी किडा जिवंत आहे का बघ. वस्तूखाली काळा कागद घाल आणि आठवड्याने उचल. फिकट ताजा भुसा पडला असेल तरच इलाज. काथवट, पळ्या, सुपं अशा लहान वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थेट वस्तूवर जमते आणि किड्याच्या जागी बुरशी येते. तडा गेलेलं किंवा रंगवलेलं लाकूड यात घालू नकोस. पेटारे आणि फडताळं भिंतीपासून वीतभर पुढे आणि चिऱ्यावर उचलून ठेव, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढायला लागली की लगेच दिसेल.

माजघरात अंधार असतो, तो घालवू नकोस. घर तसंच होतं, आणि लुगड्यांना तेच बरं. कापडावर पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, आणि एक लुगडं तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर नको. घडी घालून ठेवलेलं जरीचं लुगडं घडीवरच तुटतं. चार बोटं जाडीच्या नळीवर धुतलेलं मांजरपाट गुंडाळ आणि त्यावर लुगडं सैल गुंडाळ, मध्ये पुन्हा मांजरपाटाचा थर. डांबराच्या गोळ्या नकोत.

पेटाऱ्यात तळाशी एक लाल आलवण आहे, विधवा बायका नेसायच्या ते लुगडं. ते मांड. नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणेल, हे कशाला दाखवायचं. पण पैठणी दाखवायची आणि आलवण झाकायचं, असं घर मला खोटं वाटतं. पाटीवर विशेषणं नकोत. कुणी, कितव्या वर्षापासून, किती वर्षं नेसलं एवढंच लिही, आणि तेही ठाऊक असेल तरच. तोच न्याय जात्याला आणि भात भरडायच्या घिरटाला. भात भरडायला आणि कांडायला बायका वाडीतून यायच्या, इरली दुसऱ्याच घरात विणली जायची, मडकी कुंभारवाड्यातून यायची. मालकाच्या नावाच्या पाटीपेक्षा हाताळणाऱ्याचं नाव आधी. बरीचशी घरगुती संग्रहालयं इथेच फसतात. बघणाऱ्याला वाटतं, घर चांदीच्या ताटावर चालत होतं.

पाटी चाळीस शब्दांची, अक्षर चार हातांवरून वाचता येईल एवढं. आधी आपल्याकडचं नाव, मग काम, मग कुणी केलं. ‘तीनशे वर्षं जुनं’ असं कुठेही लिहायचं नाही. घरातली बहुतेक भांडी शंभरीच्या आतली आहेत, आणि त्यात काही कमीपणा नाही. प्रत्येक वस्तूला वहीत क्रमांक, फोटो, लांबी-रुंदी, कुठे सापडली ते. क्रमांक सुती दोऱ्याला कागदी पट्टी बांधून. स्टिकर चिकटवलास तर डिंक काढताना वरचा थर निघतो.

भिंतीवरची देवादिकांची जुनी छापील चित्रं काचेला चिकटलेली असतील. ओढून सोडवू नकोस, रंग काचेवर राहील. तशीच राहू दे. जी सुटी आहेत ती नव्या चौकटीत घालताना काच आणि कागद यात चारेक मिलिमीटरची पट्टी घालून घे. मोडी कागद लॅमिनेट करायचे नाहीत, सेलोटेप लावायचा नाही. 600 डीपीआयवर स्कॅन कर आणि मूळ कागद कपाटातच ठेव.

कायद्याचं काम दसऱ्याआधी उरक. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष धरली जाते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं. हंडे-कळशांची नोंदणी लागत नाही, पण देव्हाऱ्यातल्या जुन्या धातूच्या मूर्तींची लागते. पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसह अर्ज दे. ओटीवरची सांबराची शिंगं आणि हस्तिदंती फणी वन खात्याचा मालकीचा दाखला हातात असल्याशिवाय मांडायची नाहीत, फोटोतसुद्धा नाही.

एका वेळी आठ माणसं, पाऊण तास, आधी फोन करून आलेली. आठाच्या वर गेलं की मागच्यांना ऐकू येत नाही आणि कुणीतरी उतरंडीला टेकतं. सारवलेली जमीन आठवड्याला पुन्हा सारवावी लागेल. पोपडे उठले तिथे आधी माती-भुसा भरून चोपून घे, नुसतं वरून सारवलंस तर दोन दिवसांत उखडतं. माळ्याचा जिना बंद, विहिरीकडे लोखंडी जाळी, आणि बुटक्या दाराच्या वरच्या चौकटीला काथ्या गुंडाळ, कारण ‘डोकं सांभाळा’ ही पाटी डोकं आपटल्यावरच वाचतात. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दसऱ्यापर्यंत बंद. तिकीट लावू नकोस, पेटी ठेव, आणि चहाचे पैसे वेगळे घे.

येताना पुण्याहून एवढं आण: मांजरपाट वीस मीटर (तिथेच दोनदा धुऊन, खळ निघाली पाहिजे), कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या जाड नळ्या आठ, सिलिका जेल दोन किलो, रंग बदलणारं, म्हणजे ओल भरली की कळतं आणि तव्यावर मंद तापवून पुन्हा वापरता येतं, मऊ ब्रश चार, आणि आर्द्रता मोजायचे छोटे मीटर तीन. मीटर एकाच खोलीत रात्रभर शेजारी ठेवून बघ. आकडे जुळले नाहीत तर दुकानदाराला परत कर.

तुझी,
आई