दिवाळीत क्योटोचे मेपल लाल नसतात

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीत जपानला जाऊन लालबुंद मेपल बघायच्या जाहिराती येतात, फोटो बहुतेक वेळा क्योटोच्या तोफुकुजी मंदिराचा, पुलाखालची अख्खी दरी लाल. मी ओसाकात राहते म्हणून कळकळीने लिहितेय, दिवाळीत तिथे असं काही दिसत नाही हो.

2025 ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, माझी नणंद आणि तिच्या सासूबाई अशाच एका टूरने आल्या, आयुष्यभराची हौस म्हणून पैसे साठवून. नणंद पुलावर उभी राहून मोबाईलमधली जाहिरात बघतेय आणि समोर सगळी झाडं हिरवीगार, कुठेतरी शेंड्याला दोन-चार पानं तांबूस. गाइड म्हणे यंदा सीझन लेट आहे. अहो लेट कसला, क्योटोत मेपल रंगतात तेच नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कधी कधी डिसेंबर उजाडतो!

रात्रीचं टेंपरेचर 8 डिग्रीच्या आसपास उतरायला लागलं की पानातला हिरवा रंग जातो आणि पानात अडकलेल्या साखरेपासून लाल रंग नव्याने तयार होतो, त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी दोन्ही लागतं. म्हणून रंग आधी जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाच्या डोंगरांवर सप्टेंबरातच चढतो आणि मग दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली सरकत येतो. त्यात हल्ली इथला उन्हाळाच लांबलाय, जपानचं हवामान खातं 1953 पासून मेपल रंगायच्या तारखा लिहून ठेवतंय, त्या तारखासुद्धा पुढे पुढे चालल्यात.

दिवाळी ऑक्टोबरात असेल तर टोकियोच्या उत्तरेकडच्या निक्कोचा इरोहाझाका घाट किंवा मध्य जपानच्या डोंगरातली कामिकोची दरी गाठा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असेल तर ओसाकाच्या दक्षिणेकडचं डोंगरावरचं देवस्थान कोयासान, उंचावर असल्यामुळे तिथे क्योटोच्या आधी रंग येतो. आणि सुट्टीचं बंधन नसेल तर सरळ नोव्हेंबर अखेरीला या.

आमच्या पाहुण्यांना मी शेवटी ओसाकाजवळच्या मिनोला नेलं, तिथे धबधब्याच्या वाटेवर मेपलच्या पानांची भजी मिळतात, वर्षभर मिठात मुरवलेली पानं तीळ घातलेल्या गोडसर पिठात बुडवून तळतात. सासूबाईंना आवडली, पण त्या भजी खायला आल्या नव्हत्या ना.

टूरवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की फोटो कुठला आणि कोणत्या तारखेचा ते जाहिरातीतच लिहा. आणि साहेब, आपण पुरवणीत ठिकाणाप्रमाणे रंगाच्या तारखांचा एक तक्ता छापावा, जुलै-ऑगस्टमध्येच, लोक बुकिंग करायच्या आधी.

एक वाचक, ओसाका